हे कुठल्या रकान्यात बसत नाही

बीएडला नापास झालेला माणूस तुमच्या ओळखीत आहे का? गेलं वर्षभर मी भेटेल त्याला हा प्रश्न विचारतोय. सीएच्या परीक्षेला पाचव्यांदा बसलेले भेटतात. इंजिनिअरिंगचा एम-थ्री चार-चार वेळा दिलेले तर माझ्याच रूमवर राहायचे. आरटीओत आठ काढताना पाय टेकला म्हणून परत पाठवलेला एक मित्र आहे. पण 'तुला शिकवता येत नाही, पुन्हा ये' असं सांगून बीएडने परत पाठवलेला एकही माणूस मला अजून भेटायचाय. लेखी पेपर राहिलेले सापडतात, तेही क्वचित. शिकवण्यात राहिलेला सापडत नाही.

आता एकतर शिकवणं ही गोष्ट आपल्या लोकांना जन्मतःच येते, किंवा ज्या कामासाठी ही पदवी आहे ते काम या पदवीत कुणी तपासतच नाही. पहिली शक्यता खरी असती तर क्लासवाल्यांच्या पाट्यांनी आपली शहरं भरली नसती.

तुझा काय संबंध, असं विचाराल. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड खरंच चालतो का हे तपासणाऱ्या टेस्ट लिहिणं हा माझ्या नोकरीचा मोठा भाग. त्यामुळे कुठल्याही तपासणीकडे बघताना पहिला प्रश्न डोक्यात येतो तो असा, की हा माल बिघडलेला असता तर ही तपासणी लाल झाली असती का? नसती, तर ती तपासणी नव्हे. आणि दुसरा संबंध म्हणजे माझ्या मावसबहिणीने नुकतंच बीएड पूर्ण केलं. दोन वर्षं तिच्या जर्नलांचे गठ्ठे आमच्या हॉलमध्ये होते, आणि मी ते वाचले. घरात दुसरं कुणी वाचत नव्हतं. कॉलेजात कुणी वाचलं असेल असंही त्यांच्याकडे बघून वाटत नाही.

कागदावर हा अभ्यासक्रम वाईट नाही, हे आधी सांगतो. महाराष्ट्रातल्या २९१ अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यातून २०११ साली न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि २०१२ साली त्याचा अहवाल आला. शिक्षक घडवणाऱ्या संस्थांची अवस्था किती वाईट आहे हे त्या अहवालाने देशासमोर ठेवलं. मग एनसीटीईने २०१४ साली नवे नियम केले. बीएड एका वर्षाचं दोन वर्षांचं झालं. वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, शाळेत एकूण २० आठवडे आंतरवासिता म्हणजे इंटर्नशिप, वर्गातल्या तासांना ८० टक्के आणि आंतरवासितेला ९० टक्के हजेरी. डॉक्टर जसा वॉर्डात तयार होतो तसा शिक्षक शाळेत तयार व्हावा, ही कल्पना. कल्पनेला माझा दोन्ही हातांनी नमस्कार.

पण त्या २० आठवड्यांत माणूस काय शिकला, हे कळणार कशावरून? इथे गठ्ठा सुरू होतो.

सूक्ष्म अध्यापनाची फाइल. सेतूपाठांची फाइल. सराव पाठांची टाचणवही. सहाध्यायींच्या पाठांचं निरीक्षण, त्याची वेगळी वही. घटक नियोजन, वार्षिक नियोजन, घटक चाचणी आणि तिचा संविधान तक्ता. कृतिसंशोधनाचा अहवाल, स्पायरल बाइंडिंग करून. मुख्याध्यापकांची मुलाखत. शाळेच्या दप्तराची पाहणी. समाजसेवेचे फोटो, चिकटवलेले. प्रत्येकाला रंगीत मुखपृष्ठ, प्रत्येकात ऋणनिर्देश. बहिणीने ऋणनिर्देश एकदाच लिहिला आणि त्यात फक्त फाइलचं नाव बदलत गेली. हे आम्हा इंजिनिअरिंगवाल्यांना नवीन नाही. आमच्याकडे सबमिशनच्या आदल्या रात्री काचेखाली दिवा लावून ड्रॉइंगच्या शीट छापायचे, त्याला जीटी मारणं म्हणतात. ज्याने जीटीचं नाव ऐकलं नाही त्याने इंजिनिअरिंग केलेलं नाही.

फरक एवढाच आहे की जर्नलं छापून पास झालेल्या इंजिनिअरला कंपनी नोकरीवर घेते तेव्हा पहिले काही महिने ट्रेनिंगला बसवते. त्याचा कोड थेट ग्राहकापर्यंत जात नाही. मध्ये सीनियर असतो, टेस्ट असतात, आणि कंपायलर तर कुणाच्याच वशिल्याला भीक घालत नाही. छापून पास झालेल्या शिक्षकाचं ट्रेनिंग थेट मुलांवर होतं. तिथे चूक झाली तर लाल दिवा शिक्षकाच्या नावापुढे लागत नाही, मुलाच्या प्रगतिपुस्तकात लागतो. 'गणित कच्चे आहे.' कुणाचं, हा प्रश्न विचारायची पद्धत नाही.

त्या गठ्ठ्यातली माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाठ निरीक्षणाचा तक्ता. छात्राध्यापक वर्गात शिकवत असतो, मागच्या बाकावर मार्गदर्शक मॅडम बसलेल्या असतात आणि त्यांच्या हातात हा कागद असतो. बहिणीच्या कागदावरचे रकाने असे होते: प्रस्तावना, हेतुकथन, आशयाची मांडणी, प्रश्न विचारण्याचे कौशल्य, फलकलेखन, शैक्षणिक साधनांचा वापर, आवाजातील चढउतार, वर्गनियंत्रण, संकलन, उपयोजन, स्वाध्याय. पुढे गुण, खाली शेरा, त्याखाली सही. मी तो कागद दोनदा वाचला. त्यात मूल कुठे आहे? 'वर्गनियंत्रण' या एका रकान्यात आहे, तेही गप्प बसण्यापुरतं. पाठ सुरू होताना मुलांच्या डोक्यात काय होतं आणि पाठ संपताना काय झालं, याला अकरापैकी एकही रकाना नव्हता.

हे रकाने आले कुठून ते पाहिलं तर गंमत आहे. योहान हर्बार्ट हा जर्मन तत्त्वज्ञ १८४१ साली वारला. त्याच्या मागून त्याच्या अनुयायांनी त्याच्या विचारांची पाच पायऱ्यांची एक शिडी बनवली. ती शिडी जगभर फिरून आपल्या टाचणवहीत येऊन बसली आणि उठायला तयार नाही. त्यावर १९५६ च्या ब्लूमच्या वर्गीकरणाचा थर चढला. म्हणून प्रत्येक टाचणात 'उद्दिष्टे व स्पष्टीकरणे' असतात: विद्यार्थी प्रमेयाचे प्रत्याभिज्ञान करतो, विद्यार्थी प्रमेयाचे प्रत्यास्मरण करतो. ही वाक्यं पाठ सुरू व्हायच्या आधी, आदल्या रात्री, वर्तमानकाळात लिहिलेली असतात. विद्यार्थी करतो! टेस्ट चालवायच्या आधीच निकाल 'पास' असा टाइप करून ठेवायचा. हे मी माझ्या टीममध्ये केलं तर मला दुसऱ्या दिवशी नवी नोकरी शोधावी लागेल.

सूक्ष्म अध्यापनाची कथा तर याहून सरस आहे. १९६०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत काढली. एकावेळी एकच कौशल्य, मोजके विद्यार्थी, काही मिनिटांचा पाठ, मग त्याची चित्रफीत बघून सुधारणा. तिथे समोर खरी शाळकरी मुलं बसायची. आपल्याकडे एनसीईआरटीने बसवलेल्या चक्रात ६ मिनिटं अध्यापन, ६ मिनिटं प्रत्याभरण, १२ मिनिटं पुनर्नियोजन, पुन्हा ६ मिनिटं अध्यापन आणि ६ मिनिटं प्रत्याभरण, असा ३६ मिनिटांचा हिशोब आहे, आणि मुलांच्या जागी सहाध्यायी बसतात. म्हणजे पंचवीस वर्षांचे एमएस्सी झालेले लोक सातवीतली मुलं असल्याचं नाटक करतात. त्यांना उत्तर माहीत असतं. मैत्रिणीचा पाठ नीट व्हावा म्हणून ते ठरल्याप्रमाणे हात वर करतात आणि ठरलेलं उत्तर देतात. आमच्या धंद्यात याला मॉक डेटा म्हणतात. सुरुवातीला ठीक असतो, पण फक्त मॉक डेटावर टेस्ट हिरव्या झाल्या म्हणून कुणी माल बाजारात आणत नाही.

आता आंतरवासितेत घडलेली एक गोष्ट सांगतो. माझा राग तिथून सुरू झाला. बहिणीला सातवीच्या वर्गावर गणित दिलं होतं, दशांश अपूर्णांक. तिने सहज फळ्यावर दोन संख्या लिहिल्या, ०.३५ आणि ०.५, आणि मोठी कोणती ते वहीत लिहायला सांगितलं. बऱ्याच मुलांनी ०.३५ लिहिलं. कारण उघड आहे, ३५ हे ५ पेक्षा मोठे. बाकीच्यांनी ०.५ लिहिलं. टाचणानुसार तिने त्यांना शाबासकी द्यायची, याला 'प्रबलन' म्हणतात, आणि पुढे जायचं. पण तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने दुसरी जोडी लिहिली, ०.३५ आणि ०.२. यावेळी मघाशी चुकलेली मुलं बरोबर आली. आणि मघाशी बरोबर आलेल्यांपैकी काही मुलं चुकली, त्यांनी ०.२ मोठा म्हणून लिहिला. एका मुलीला तिने विचारलं, का गं? ती म्हणाली, "मॅडम, पॉइंटनंतर एकच आकडा आहे ना, म्हणजे तुकडे मोठे. दोन आकडे असले की तुकडे बारीक होतात."

यात काय घडलं ते सावकाश बघा. पहिल्या गटाच्या डोक्यात नियम आहे की लांब संख्या मोठी. दुसऱ्या गटातल्या या मुलीच्या डोक्यात नियम आहे की आखूड संख्या मोठी. तिचा नियम मूर्खपणाचा नाही. शतांश दशांशापेक्षा लहान, हे तिला खरंच कळलंय, पण तुकडे किती आहेत हे बघायचं राहिलंय. दोन्ही नियम चूक आहेत आणि एकमेकांच्या बरोबर उलट आहेत. त्या दोन जोड्यांची चाचणी घेतली तर दोन्ही प्रकारच्या मुलांना दोनपैकी एक गुण मिळेल. गुण सारखे, आजार उलटे, औषध वेगळं. आणि फक्त पहिली जोडी विचारणाऱ्या शिक्षकाला ती मुलगी हुशार वाटेल, वर्षभर. गणित शिकवण्याच्या संशोधनात हे दोन्ही नियम चांगले ओळखीचे आहेत, त्यांवर भरपूर लिहिलं गेलंय. बहिणीने ते कुठेही वाचलेलं नव्हतं. तिला ते एका मुलीच्या वहीत सापडलं.

तिने त्यावर अर्धं पान लिहिलं, मुलीच्या शब्दांसकट, आणि पुढच्या तासाला संख्यारेषा घेऊन काय केलं तेही लिहिलं. माझ्या मते दोन वर्षांच्या त्या अख्ख्या गठ्ठ्यात शिक्षण झाल्याचा पुरावा तेवढाच होता. मॅडमनी ते पान बघून सांगितलं, "छान आहे, पण हे कुठल्या रकान्यात बसत नाही. फाइलमधून काढून टाक, बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं तर गोंधळ होईल." पान निघालं. फलकलेखनाला दहापैकी नऊ मिळाले.

मॅडमचा मला राग नाही. खासगी विनाअनुदानित कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारी बाई ती. जागा भरल्या तर कॉलेज चालणार, कॉलेज चाललं तर तिचा तास राहणार. तिने कुणाला आंतरवासितेत नापास केलं तर पुढच्या वर्षी गावभर बोभाटा होणार की तिथे त्रास देतात, आणि प्रवेश शेजारच्या तालुक्यात जाणार. त्या तालुक्यात 'फक्त परीक्षेला या' अशी सोय आहे हे सर्वांना माहीत असतं. अंतर्गत गुण देणाऱ्याचं पोट गुण घेणाऱ्याच्या फीवर अवलंबून, अशी ही रचना आहे. आमच्याकडे स्वतःची पुल रिक्वेस्ट स्वतः मंजूर करता येत नाही, सिस्टीमच अडवते. इथे अख्खी सिस्टीम त्यावरच उभी आहे. हे माझं एकट्याचं म्हणणं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वर्मा आयोगाचा हवाला देऊन सरकारने स्वतःच लिहून ठेवलंय की देशातल्या दहा हजारांवर एकल शिक्षक-शिक्षण संस्थांपैकी बहुतांश संस्था गंभीरपणे शिकवण्याचा प्रयत्नही करत नाहीत, पैसे घेऊन पदव्या विकतात. एवढं लिहून ठेवल्यावर झोप कशी लागते, ते त्यांनाच ठाऊक.

सरकारचा या पदवीवर विश्वास नाही याचा आणखी पुरावा हवा असेल तर नोकरभरती बघा. बीएड झालं की टीईटी द्या. टीईटी झाली की पवित्र पोर्टलसाठी टेट द्या, अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी, २०० गुणांची. गुणवत्ता यादी त्या टेटच्या गुणांवर लागते. बीएडला ८५ टक्के मिळाले की ५५, कुणी ढुंकून बघत नाही. २० आठवडे वर्गात उभं राहून मिळवलेल्या गुणांची किंमत शून्य, कारण ते गुण सर्वांना मिळतात हे देणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि बघणाऱ्याला ठाऊक आहे. मग त्या अविश्वासावर उपाय म्हणून काय आणलं? पर्यायी उत्तरांचे गोळे. आणि त्या गोळ्यांचं काय झालं तेही आपण पाहिलं. २०२१ च्या डिसेंबरात पुणे पोलिसांनी टीईटीतल्या गैरव्यवहारात परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक केली आणि पुढे सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. गेल्या सप्टेंबरात, १ सप्टेंबर २०२५ ला, सर्वोच्च न्यायालयाने सेवेत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली. पंचवीस वर्षं शिकवलेल्या बाईंनी आता पिआजेच्या अवस्था पाठ करायच्या.

पिआजेचं नाव निघालंच आहे तर सांगतो. टीईटीच्या कुठल्याही गाइडमध्ये तो पहिल्या काही पानांत भेटतो: मूर्त क्रियात्मक अवस्था कोणत्या वयात, अ, ब, क की ड. उत्तर सात ते अकरा. आता हा पिआजे मुळात पिआजे कसा झाला? १९२० च्या सुमारास पॅरिसमध्ये त्याला बुद्धिमत्ता चाचण्यांमधले प्रश्न मुलांवर तपासून प्रमाणित करण्याचं काम मिळालं होतं. बरोबर उत्तरं मोजायची, एवढंच काम. त्याचं लक्ष मात्र चुकलेल्या उत्तरांवर गेलं. एका वयाची मुलं एकाच पद्धतीने का चुकतात, म्हणून तो मुलांशी बोलत बसला. त्या बोलण्यातून पुढचं सगळं निघालं. चुकलेल्या उत्तरावर थांबणाऱ्या त्या माणसाला आपण चार पर्यायांत कोंबलं, आणि चुकलेल्या उत्तरावर थांबलेल्या पोरीचं पान फाइलमधून काढायला लावलं.

हे सगळं शिक्षकांच्या आतल्या गोटातलं प्रकरण असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. पण इथला माणूस जसा तपासला जातो तसाच तो पुढे पस्तीस वर्षं मुलांना तपासतो. महाराष्ट्रात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. प्रत्येक मुलाकडे बारकाईने बघून शिक्षकाने त्याच्याबद्दल दोन ओळी लिहायच्या, वर्णनात्मक नोंदी. किती सुंदर कल्पना! आज गुगलवर 'वर्णनात्मक नोंदी' एवढंच टाइप करा. इयत्तावार, विषयवार तयार वाक्यांच्या पीडीएफ येतील, शेकड्याने. 'गणितातील संबोध समजून घेतो.' 'वर्गकार्यात उत्साहाने सहभागी होतो.' मुलगी असेल तर 'घेते', 'होते'. लोक शिक्षकांना हसतात, आळशी म्हणतात. मला आळस दिसत नाही. दोन वर्षं ज्याने ऋणनिर्देशात फक्त फाइलचं नाव बदललं, तो आता नोंदीत फक्त मुलाचं नाव बदलतोय. शिकलेलं उपयोजन करतोय, ब्लूमच्या भाषेत. आता तर समग्र प्रगतिपत्रकाचं नवं वारं आहे. क्षमता, वृत्ती, जाणिवा, सगळ्याची नोंद करायची. पीडीएफ तयार असणारच.

मग करायचं काय? इथे माझ्याच क्षेत्रातली एक जुनी गोष्ट आहे. १९७८ साली जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी मुलांच्या वजाबाकीच्या चुकांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं होतं की मुलं यादृच्छिक चुकत नाहीत, त्यांच्या डोक्यात एक नियम असतो आणि ती तो इमानेइतबारे चालवतात. नियमात बग असतो. उदाहरणार्थ ५२ वजा २७ चं उत्तर एखादं मूल ३५ लिहितं, कारण प्रत्येक स्थानावर ते मोठ्यातून लहान वजा करतं. तेच मूल ३०४ वजा १२७ चं उत्तर २२३ लिहिणार, हे आपण आधीच सांगू शकतो. या दोघांनी 'बग्गी' नावाचा प्रोग्रॅम केला. त्यात कॉम्प्युटर एखादा बग घेऊन मूल बनायचा. समोर भावी शिक्षक बसायचा. त्याने उदाहरणं द्यायची, कॉम्प्युटरने चुकीची उत्तरं द्यायची, आणि बग काय आहे ते शिक्षकाने ओळखायचं. ओळखलं असं वाटलं की बग्गी त्याला नवी उदाहरणं देऊन म्हणायचा, आता तू त्या मुलासारखा चुकून दाखव. तंतोतंत चुकता आलं तरच ओळखलं. शिक्षक तपासण्याची यापेक्षा चांगली परीक्षा मी कुठे पाहिलेली नाही. आणि ती १९७८ ची आहे. आज हे कुठल्याही मोबाइलवर चालेल. दोन-चार इंजिनिअरांना सुट्टीच्या दिवशी चहा पाजला तर मराठीतून बनेल.

माझी मागणी फार मोठी नाही. आंतरवासितेचे निम्मे गुण गठ्ठ्यावरून काढा आणि एका गोष्टीवर ठेवा. छात्राध्यापकाने वर्गातली पाच मुलं निवडावीत, त्यांच्या वह्यांतल्या खऱ्या चुका आणाव्यात. प्रत्येक चुकीमागे मुलाचा विचार काय असेल ते सांगावं, तो तसाच आहे हे कुठला प्रश्न विचारून पडताळलं ते दाखवावं, मग काय शिकवलं आणि नंतर ते मूल काय म्हणालं. दहा पानं पुरेत, हाताने लिहिलेली, खाडाखोड असलेली. त्यावर दुसऱ्या कॉलेजच्या परीक्षकाने वीस मिनिटं तोंडी घ्यावी आणि शेवटी एखाद्या तिसऱ्याच शाळेतली अनोळखी वही समोर ठेवावी: या मुलाचं काय चाललंय, सांग. मराठीच्या शिक्षकाला निबंधाची वही द्या, इतिहासाच्या शिक्षकाला कार्यकारणाचा घोळ घातलेलं उत्तर द्या. आणि ज्याला काहीच सांगता येत नाही त्याला सहा महिन्यांनी परत बोलवा. माणूस परत पाठवायची हिंमत नसेल तर बाकीचं काही करू नका, कागद वाचेल.

यावर पहिला आक्षेप येतो की मुलं शिकली नाहीत याचा दोष छात्राध्यापकावर कसा टाकणार, घरी गरिबी असते, मागची वर्षं कच्ची असतात. मान्य आहे. म्हणूनच मी मुलांच्या गुणांवर शिक्षकाला गुण द्या असं म्हणत नाहीये. ते म्हणणं क्रूर आहे आणि त्यातून कॉपी वाढते, एवढं कळतं. मूल कुठे अडलंय हे तुला दिसतं का, एवढंच मी विचारतोय. डॉक्टरला प्रत्येक पेशंट बरा करता येत नाही, पण ताप कशाचा हे बघायचंच नाही असा डॉक्टर चालत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. अमेरिकेत असं काही करून झालंय. एडटीपीए नावाची पद्धत स्टॅनफर्डमधून निघाली: भावी शिक्षकाने आपल्या पाठाचा व्हिडिओ द्यायचा, मुलांच्या कामाचे नमुने द्यायचे, त्यांचं विश्लेषण लिहायचं. न्यूयॉर्कने २०१४ पासून परवान्यासाठी ती सक्तीची केली. राबवायला पिअर्सन कंपनी, फी ३०० डॉलर. मग काय व्हायचं तेच झालं. लांबच्या अनोळखी परीक्षकाला आवडेल असं लिहायची तंत्रं निघाली, शिकवण्या निघाल्या, गरीब उमेदवार फीमुळे अडले, आणि २०२२ साली न्यूयॉर्कने ती अट काढून टाकली. म्हणजे वहीतल्या चुका बघायची कल्पनाही गठ्ठा होऊ शकते. हे खरं आहे आणि माझ्याकडे त्यावर पक्का इलाज नाही. पण तिथे बिघडलं ते लांबच्या कंपनीला दिल्यामुळे, समोरासमोर न विचारल्यामुळे. वीस मिनिटांची तोंडी आणि अनोळखी वही यांची शिकवणी लावायची तर मुलांच्या वह्या वाचायचा सराव करावा लागेल. तेवढी शिकवणी चालेल मला.

शिवाय एक व्यवहाराची गोष्ट. गठ्ठा तसाही मेलाय. मी परवा चॅटजीपीटीला दहावीच्या पायथागोरसच्या प्रमेयाचं टाचण मागितलं. अर्ध्या मिनिटात आलं: हेतुकथन, पूर्वज्ञान, उद्दिष्टे व स्पष्टीकरणे, फलकलेखनाचा आराखडा, संकलन, स्वाध्याय. 'विद्यार्थी प्रमेयाचे प्रत्यास्मरण करतो', तेही आलं. त्या तक्त्यावर त्याला बहिणीपेक्षा जास्त गुण मिळाले असते. कृतिसंशोधन मागितलं तर पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीचे आकडेही तयार करून देतं, सुधारणा झालेली दाखवून. मुलं नाहीत, शाळा नाही, तरी सुधारणा आहे. कॉलेजांनी हे ओळखून तोंडी परीक्षा वाढवली असेल असं वाटेल. बहिणीच्या धाकट्या मैत्रिणी सांगतात की यंदापासून फाइल हस्ताक्षरात मागतात. मशीनने लिहिलेलं आता हाताने उतरवायचं.

आणि सध्या वरच्या पातळीवर वाद कशावर चालू आहे? बीएड किती वर्षांचं असावं यावर. २०१५ ला एकाचं दोन झालं. धोरण म्हणतं २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच किमान पात्रता. २०२५ च्या मसुद्यात काहींसाठी पुन्हा एका वर्षाचं बीएड येऊ घातलंय. एक, दोन, चार, एक. बिघडलेल्या थर्मामीटरने ताप एक मिनिट घ्यायचा की चार मिनिटं, यावर तज्ज्ञांच्या समित्या.

वाचणाऱ्यांपैकी काहीजण येत्या सीईटीचा फॉर्म भरणार असतील. शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं, त्याची तयारी तुम्ही कराल, त्याबद्दल माझ्याकडे सल्ला नाही. पण कॉलेज निवडताना इमारत, फी आणि बसस्टॉप बघून झाल्यावर आणखी एक करा. गेटवर दुसऱ्या वर्षाचं कुणीही गाठा, आंतरवासिता करून आलेलं. त्याला म्हणा, तुझ्या वर्गातल्या एका मुलाचं चुकलेलं उत्तर सांग, आणि त्याला ते तसं का वाटलं तेही सांग. दोन-तीन जणांना विचारा. एकालाही सांगता आलं नाही, तर पुढच्या कॉलेजची बस पकडा.